दापोली: साहेबांची छावणी, पेन्शनरांचं गाव

मंडणगडकडून या किंवा खेडकडून, दापोली जवळ आली की हॉटेलांच्या पाट्यांवर 'कोकणातलं मिनी महाबळेश्वर' असं लिहिलेलं हमखास दिसतं. ते वाचून मे महिन्यात आलेला पाहुणा भर दुपारी एसटी स्टँडवर उतरतो, घाम पुसतो आणि विचारतो, थंडी कुठाय? त्याचा प्रश्न रास्त आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, माथेरान आठशेच्या आसपास, आंबोली सातशेच्या जवळ. दापोलीची उंची साधारण २४० मीटर, म्हणजे आठशे फूट. दर हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने दापोलीच्या वाट्याला जेमतेम दीड अंश येतो.

दीड अंशासाठी कोणी गाव वसवत नाही. तरीही इंग्रजांनी इथे छावणी टाकली, बंगले बांधले, चर्च उभारलं. पुढे याच गावात आणि आसपासच्या पंधरा-वीस मैलांत अशी माणसं वाढली की त्यांच्याशिवाय महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास सांगताच येत नाही. हे कसं झालं, ते उलगडून सांगण्यासाठी हा लेख. माझं म्हणणं थोडक्यात असं: दापोलीची खरी ओढ तिच्या हवेपेक्षा तिच्या पेन्शनीत आणि शाळांत आहे, आणि पर्यटनाच्या गडबडीत नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं.

किनाऱ्यावरून सड्यावर

सुरुवात समुद्रावर होते. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडे होता. नानासाहेब पेशव्यांचं आणि तुळाजींचं वितुष्ट आलं. पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने समुद्राकडून तोफा डागून सुवर्णदुर्ग पाडाव केला. या मदतीच्या मोबदल्यात इंग्रजांना सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट मिळालं. तिथल्या हिंमतगडाचं त्यांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' केलं. आपल्याच माणसाचं आरमार बुडवायला परक्यांची जहाजं बोलावली, हा सौदा मराठी इतिहासात फार महाग पडला. त्यातूनच मुंबईच्या दक्षिणेला, कोकणच्या किनाऱ्यावर इंग्रजांचा पाय रोवला गेला.

साठ-बासष्ट वर्षं त्यांचं या भागातलं बस्तान बाणकोटापुरतंच होतं. १८१८ ला पेशवाई बुडाली आणि सगळं दक्षिण कोकण त्यांच्या ताब्यात आलं. एवढ्या मुलखावर वचक ठेवायला फौज कुठे ठेवायची, हा प्रश्न आला. बाणकोट एका टोकाला. रत्नागिरी पुढे, १८२२ मध्ये, जिल्ह्याचं ठाणं झाली. फौजेसाठी मात्र १८१८ मध्येच दापोली निवडली गेली.

निवडीमागची कारणं सरळ आहेत. कोकणात सपाट जागा दुर्मीळ. खाली खाजणं, म्हणजे खाडीकाठची खारट दलदल, आणि भातखाचरं, वर डोंगर, मधे उतार. दापोलीला मात्र सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. कवायतीला मैदान, बंगल्यांना मोकळी जागा, पाणी निचरून जाणारी जमीन. बंदर तर अगदी जवळ. हर्णै आठ-दहा मैलांवर असल्यामुळे मुंबईहून माणसं, दारूगोळा आणि सामान जहाजाने उतरवता येई. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की छावणी स्वतःच्या साठ्यावर चार महिने काढी. घाटावर जायचा रस्ता लांबचा होता, पण कोकणचा राजरस्ता त्या काळी समुद्रच होता.

आणखी एक कारण होतं, तापाची भीती. मलेरिया डासांमुळे पसरतो हे रोनाल्ड रॉसने दाखवलं १८९७ मध्ये. त्याआधी सगळ्यांची समजूत अशी, की दलदलीतून उठणाऱ्या कुबट वाफांनी ताप येतो. खाडीकाठ, खाजण, साचलेलं पाणी म्हणजे विष, आणि उंच, वाऱ्यावरची जागा म्हणजे आरोग्य. निदान चुकीचं होतं, पण उपाय बऱ्याच अंशी लागू पडला. सड्यावर पाणी साचत नाही, म्हणून डासही कमी. भारतभर इंग्रजांनी जी थंड हवेची ठिकाणं वसवली त्यांच्या मुळाशी हीच समजूत होती. आजारी गोऱ्या सैनिकाला मायदेशी पाठवायचं तर काही महिने जात आणि खर्च अफाट होई. त्यापेक्षा जवळच्या डोंगरावर सहा आठवडे ठेवणं स्वस्त.

महाबळेश्वरला गव्हर्नर जॉन माल्कमने १८२९ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपतींकडून जागा मिळवून पेठ वसवली. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट माथेरानावर चढला १८५० मध्ये. दापोलीची छावणी या दोन्हींच्या आधीची. पण माथेरान-महाबळेश्वर ही हौसेची, उन्हाळ्यात कामकाज आणि कुटुंब घेऊन वर जायची ठिकाणं झाली. तिथे गव्हर्नर आले, मुंबईचे शेठ आले, बाजार सजले. दापोलीला ते वैभव कधीच लाभलं नाही. तिची बांधणी कामाची होती: मैदान, सैन्याच्या बराकी, साहेबांचे बंगले, चर्च, कबरस्तान, आणि या सगळ्यांना माल पुरवणारा बाजार. १८४० च्या सुमारास नियमित पलटणी हलल्या. मग वय झालेल्या, जखमी शिपायांची एक पलटण राहिली. १८५७ च्या आसपास तीही मोडली. साहेबाची छावणी अशी चाळीस वर्षांत आटोपली.

जुने लोक अजूनही 'कॅम्प दापोली' म्हणतात. साहेब गेला तरी शिपाई राहिला, आणि इथून पुढची गोष्ट त्याची आहे.

पेन्शन म्हणजे काय होतं

आज पेन्शन म्हटलं की म्हातारपणाची सोय एवढंच डोळ्यांसमोर येतं. एकोणिसाव्या शतकातल्या कोकणात तिचा अर्थ कितीतरी मोठा होता. तो कळायला आधी गावची अर्थव्यवस्था पाहायला हवी.

रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. खोत हा सरकार आणि कुळ यांच्या मधला माणूस. सरकारला सारा तो भरणार आणि कुळांकडून धान्यात वसूल करणार. सरकारला किती द्यायचे ते ठरलेलं, कुळाकडून किती घ्यायचं ते बरंचसं खोताच्या हातात. त्याशिवाय वेठ, म्हणजे खोताच्या शेतावर फुकट राबणं, ते वेगळंच. जमीन मुळात उताराची आणि पातळ. पावसाळ्यात भात, वरकस जमिनीत नाचणी-वरी, आणि शिमग्यानंतर घरात दाणा नाही. अशा गावात रोख पैसा फिरतच नव्हता. कुळाने बंडखोरी करायची म्हटली तरी कशाच्या जोरावर करणार?

अस्पृश्य ठरवलेल्या महारांची गत याहून बिकट. त्यांच्याकडे गावकीची कामं वतन म्हणून लादलेली: निरोप पोचवणं, मेलेली गुरं ओढणं, सरकारी माणसाचं ओझं वाहणं. त्याबदल्यात बलुतं. काम नाकारलं की बलुतं बंद. पोट आणि अपमान एकाच दाव्याला बांधलेले होते.

अशा माणसाला कंपनीच्या पलटणीत भरती व्हायची वाट मिळाली. मुंबईच्या सैन्यात कोकणातले मराठे, मुसलमान आणि महार मोठ्या संख्येने होते. महारांची तर या सैन्यात पिढ्यानपिढ्यांची चाकरी. पलटणीत पगार रोख मिळे. कपडे, बूट, बंदूक मिळे. शिपायाचा नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार असा दर्जा चढत जाई. शिपायांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचीही सोय असे, आणि सैन्यात ते शिक्षण सक्तीचं होतं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः नोंदवलं आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्याच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे.

नोकरी संपली की पेन्शन. आता विचार करा, गावात खोताचं राज्य, दाणा उधारीवर, आणि त्याच गावचा एक माणूस दर महिन्याला सरकारी तिजोरीतून रोख रक्कम मोजून घेतोय. ती खोताला अडवता येत नाही, पाटलाला कापता येत नाही, जातपंचायतीला दंड म्हणून बुडवता येत नाही. वाचता-लिहिता येणारा, जग फिरलेला, इंग्रज अधिकाऱ्यासमोर ताठ उभा राहायची सवय झालेला हा माणूस मूळ गावात परतला तर पुन्हा गावकुसाबाहेर आणि पुन्हा बलुत्याची कामं. म्हणून त्यातले कितीतरी जण गावी न जाता छावणीच्या गावात राहिले. दापोलीच्या कॅम्पात महार पेन्शनरांची वस्ती उभी राहिली ती अशी. रामजी सुभेदारही इंदूरजवळच्या महूच्या छावणीतून निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन दापोलीला आले, आणि बाबासाहेबांच्या बालपणातली काही वर्षं इथे गेली. पुढे ते साताऱ्याला गेले.

या वस्तीतलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढूळचे. १८८६ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव. अस्पृश्यता धर्माची नाही, माणसाने लादलेली आहे, हे त्यांनी वर्तमानपत्रांतून आणि पुस्तिका काढून मांडलं. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' नावाची संस्था काढली. काळ पाहा: बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, आणि दापोलीतला हा पेन्शनर त्याच्या आधीपासून लेखणी चालवतोय. पोट पेन्शनीवर चालत होतं, म्हणून लिहायचं बळ होतं. विचार आभाळातून पडत नाहीत. त्यांना रात्रीच्या तेलाचा खर्च लागतो आणि सकाळी कोणाच्या दारात हात पसरावा लागणार नाही याची खात्री लागते. दापोलीच्या कॅम्पात ती खात्री काही घरांना मिळाली.

आणि मग सरकारने तीच वाट बंद केली. १८५७ नंतर इंग्रजांच्या डोक्यात एक सिद्धांत हळूहळू घट्ट होत गेला, की काही जाती आणि प्रांत जन्मतःच लढवय्ये आणि बाकीचे नाहीत. पंजाबी, पठाण, गुरखा हवेत, दक्षिणेकडचे नकोत. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेला लॉर्ड रॉबर्ट्स या मताचा मोठा पुरस्कर्ता. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबवण्यात आली. आजोबा सुभेदार, बाप हवालदार, आणि मुलाला पलटणीचं दार बंद. वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज केला. आमच्या पूर्वजांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं आहे, मग आम्हाला का वगळता, असा त्याचा आशय. अर्जाचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभारली आणि युद्ध सरल्यावर मोडली. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये.

या अर्जाकडे मी फार आदराने पाहतो. सभा, मोर्चा, पक्ष यांतलं काहीही हाताशी नसताना, सरकारी भाषेत, मुद्देसूद, आपल्या समाजाची बाजू मांडायची, ही राजकारणाची पहिली पायरी दापोलीच्या पेन्शनरांनी चढली. पुढे १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं. ज्याचं गाव मंडणगड तालुक्यातलं आणि ज्याने कॅम्पात पेन्शनरांची घरं पाहिली, त्याला खोती काय असते हे पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. कायद्याने ती गेली स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

मिशनची शाळा आणि पायवाटेवरचे विद्यार्थी

छावणीमागोमाग मिशनरी आले. स्कॉटिश मिशनने १८२३ पासून बाणकोट आणि हर्णै भागात काम सुरू केलं, शाळा काढल्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आले आणि मराठी शिकायला आधी याच किनाऱ्यावर, हर्णैला, येऊन राहिले. थोड्याच वर्षांत स्कॉटिश मिशनने मुक्काम मुंबई-पुण्याकडे हलवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुसऱ्या एका मिशनने, एस.पी.जी. या इंग्लंडमधल्या धर्मप्रसारक संस्थेने, दापोलीत इंग्रजी शाळा चालवली. आल्फ्रेड गॅडने हे तिथले नावाजलेले शिक्षक. आजचं ए. जी. हायस्कूल त्यांच्याच नावाचं.

तालुक्याच्या गावात मॅट्रिकपर्यंतची इंग्रजी शाळा असणं ही त्या काळी केवढी गोष्ट होती, हे समजायला मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची हकीकत आठवावी. दापोलीपासून दोन तासांच्या चालीवरचं हे मुरुड. १८७५ मध्ये कर्वे आणि त्यांचे सोबती सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, घाट चढून, पावसापाण्यात. तिथे पोचल्यावर कर्व्यांना सांगण्यात आलं, तू वयाने लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. आले तसे परत. शिक्षणासाठी कोकणातल्या पोराला केवढी यातायात करावी लागे, याचा यापेक्षा बोलका दाखला मला माहीत नाही.

दापोलीत शाळा आल्यावर हे चित्र पालटलं. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचे वडील दापोलीला वकिली करत. काण्यांचं शालेय शिक्षण मिशनच्याच शाळेत झालं, आणि हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा अभ्यासक ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळेतून बाहेर पडला. पालगडचे साने गुरुजीही शिकायला दापोलीला होते. गणितज्ञ रँग्लर परांजपे याच तालुक्यातल्या मुर्डीचे. कर्व्यांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळालं, काण्यांना १९६३ मध्ये, बाबासाहेबांना १९९० मध्ये. एका लहानशा तालुक्याशी तीन भारतरत्नांचं नातं, असं दापोलीकर अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान खरा आहे.

पण अभिमान सांगताना दुसरी बाजू गाळू नये. शाळा आली म्हणजे ती सगळ्यांना आली असं झालं नाही. ज्या गावात महार पेन्शनर सरकारी तिजोरीतून पेन्शन घेत होते, त्याच गावात त्यांच्या मुलांना इतर मुलांबरोबर बसू द्यायला विरोध झाला. वडिलांनी पलटणीत इंग्रजी हुकूम पाळले, बढत्या मिळवल्या, आणि मुलाला मराठी शाळेच्या वर्गात जागा नाही! इंग्रज सरकारही अशा वेळी सवर्णांचा रोष ओढवून घ्यायला बिचकत असे. छावणीने काहींना रोख पैसा आणि अक्षरओळख दिली, समानता मात्र दिली नाही. ती मागण्याचं बळ तेवढं दिलं.

मग हवा खोटी का?

हवा खोटी नाही. तिची गंमत उंचीत नसून जागेत आहे, एवढंच.

समुद्र हवाई अंतराने आठेक किलोमीटरवर. दुपारी जमीन तापली की समुद्रावरचा वारा आत घुसतो आणि सड्यावर त्याला अडवायला काही नसतं. म्हणून मे महिन्यात खेड-चिपळूणच्या खोलगट भागात जीव कासावीस होतो तेव्हा दापोलीत संध्याकाळी वारं लागतं. इंग्रजांना जे हवं होतं ते हेच.

हिवाळ्यात उलटी गंमत. खाली मुरुड-कर्द्याला समुद्राच्या पाण्यामुळे रात्र ऊबदार राहते. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवतही नाही. वर सड्यावर आभाळ निरभ्र, घाटाकडून येणारी हवा कोरडी, जमीन पातळ आणि दगडाळ. दिवसभराची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या येतात, त्या यामुळे. सकाळी मफलर बांधून दापोलीतून निघालेला माणूस अर्ध्या तासात हर्णैच्या बंदरावर मफलर काढून खांद्यावर टाकतो. मिनी महाबळेश्वर बघायचं तर ते जानेवारीतल्या पहाटे बघावं.

आता जांभ्याबद्दल, कारण दापोली त्याच्यावर उभी आहे. सह्याद्रीचा काळा कातळ हजारो-लाखो वर्षं उन्हापावसात कुजत गेला, विरघळणारी द्रव्यं धुपून गेली आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. तो हा तांबडा, पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो, आणि हवेवर राहिला की टणक होतो. म्हणून कोकणात घराला विटेऐवजी चिरा. कॅम्पातल्या कुठल्याही जुन्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, श्रावणात वाकून पाहा. प्रत्येक भोकात शेवाळ धरलेलं, एखाद्यातून बोटभर नेचा बाहेर आलेला, चिऱ्यावर हात ठेवला तर तळव्याला गार ओल लागते. वैशाखात तोच चिरा खरखरीत कोरडा आणि भट्टीतून काढल्यासारखा तांबूस.

याच छिद्रांमुळे पाण्याचं दुखणंही आहे. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण सडा तो धरून ठेवत नाही. पाणी जांभ्यातून झिरपतं, उताराच्या पोटात झऱ्यांवाटे बाहेर पडतं आणि खाडीला मिळतं. त्यामुळे पावसात न्हालेल्या तालुक्यातल्या वाड्यांना एप्रिलमध्ये टँकरची वाट बघावी लागते. सड्यावर बंगल्यांचे प्रकल्प उभे राहतात, त्यांच्या बोअरवेली खोल खोल जातात, तेव्हा खालच्या वाडीतला झरा आटतो. जमीन विकत घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या माणसाने निदान एवढं समजून घ्यावं, की वरचं पाणी खालच्या माणसाचं असतं.

साहेबानंतर

स्वातंत्र्यानंतर दापोलीचं पोट कशावर चाललं? एक तर मुंबईवर. गिरण्यांच्या काळापासून घराघरातला एक चाकरमानी, महिन्याची मनिऑर्डर, गणपती-शिमग्याला भरून येणाऱ्या गाड्या. पेन्शनीने सुरू झालेली 'पैसा बाहेरून येणार' ही रीत मनिऑर्डरीने पुढे चालवली.

दुसरं, १८ मे १९७२ रोजी इथे स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ, आज डॉ. बाळासाहेब सावंतांच्या नावाचं. माझ्या मते छावणीनंतर या गावाचं रूप सगळ्यात जास्त पालटलं ते या संस्थेने. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना', मग रत्ना आणि हापूसमधून अगदी पातळ कोयीचा 'सिंधू', काजूच्या वेंगुर्ला जाती, खाऱ्या-उताराच्या जमिनीतलं भात. बाहेरून शिकायला येणारी मुलं, त्यांच्या खानावळी, भाड्याच्या खोल्या. छावणीने जसा बाजार पोसला तसा आज विद्यापीठ पोसतं.

आणि पर्यटन. ते वाढलं हे चांगलंच झालं; कोकणातल्या पोराला गावातच रोजगार मिळाला तर त्याने मुंबईला का जावं? पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची घरं उघडी पाडली, नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा कळलं की इथल्या माणसाचा खरा ठेवा अजूनही वाडीच आहे. पोफळ पुन्हा लागती व्हायला कित्येक वर्षं जातात. तोवर घर चालवलं ते पर्यटकांच्या खोल्यांनी आणि मुंबईच्या पैशाने.

बघायला याल तर

बहुतेक जण कॅम्पातून न थांबता थेट समुद्र गाठतात. तसं करू नका. एक सकाळ वर द्या. आझाद मैदानाभोवती फिरा, ते पलटणीच्या कवायतीच्या काळाची आठवण देणारं मोकळं माळरान आहे. जुन्या चर्चचे अवशेष बघा. ए. जी. हायस्कूलवरून जा. पेन्शनरांच्या वस्तीचं आणि वलंगकरांचं स्मरण गावात ठळकपणे, माहितीसकट व्हायला हवं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. तीन भारतरत्नांच्या गावाला एक चांगलं संग्रहालय शोभलं असतं. हाताशी वेळ असेल तर आंबडव्यालाही जाऊन या.

दुपारनंतर हर्णै. सुवर्णदुर्ग समोर पाण्यात उभा आहे. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत हा आहे. पावसाळा सोडून होड्या जातात, भरती-ओहोटी विचारून निघा. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव लागतो. मोठ्या होड्या आत नांगरलेल्या, त्यांच्यापर्यंत बैलगाड्या गुडघाभर पाण्यात जातात, टोपल्या भरून काठावर येतात, आणि वाळूत मांडलेल्या पापलेट-सुरमईच्या ढिगाभोवती भाव चढत जातो. बोली भराभर लागते, नवख्याला आकडे कळत नाहीत. घरी न्यायचं असेल तर बाजूला किरकोळ विकायला बसलेल्या कोळणींकडून घ्या, पैसे सुटे ठेवा, आणि कापून मागितलं तर त्याचे वेगळे द्यावे लागतात.